पहिल्या सापाचं घर कसं केलंत? (अनुभव लिहा)

सिडकोची_थोरली
परवा नाशिकला रविवार कारंजाजवळ काचेच्या दुकानात फोटोफ्रेमसाठी उभी होते. शेजारी एक पोरगा चार फुटी टँकचा भाव काढत होता. दुकानदार काकांनी विचारलं, "मासे कोणते सोडणार?" तो म्हणाला, "काका, वरून उघडणारा नको. पुढून सरकती काच पाहिजे. आणि कुलूप." काकांनी पेन खाली ठेवलं. मला हसू आवरेना. आमच्याकडे हाच संवाद झाला होता, फक्त काकांच्या जागी आई होती.

धाकट्या भावाला बॉल पायथन (अजगराचीच छोटी परदेशी जात) हवा होता. आधी घर, मग साप, ही बाबांची अट. हॉलमधलं जुनं शोकेस रिकामं झालं, आईचा बोन चायनाचा सेट माळ्यावर गेला (अजून तिथेच आहे, विषय काढू नये). आतून सनमायका होता म्हणून निभावलं, नुसतं प्लाय ओल लागली की फुगतं. मागे हवेला भोकं पाडून आतून बारीक जाळी, पुढच्या काचांना शोकेसचंच दातेरी कुलूप. एक टोक गरम, ३१-३२ अंश. दुसरं गार, २५-२६. सापाला ऊब हवी तर तो इकडे येतो, नको तर तिकडे जातो. अख्खी पेटी सारखीच तापवली तर त्याने जायचं कुठे? दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपा, अंग चहूबाजूंनी टेकेल इतका अरुंद. ऐसपैस दिला तर तो बिचकतो.

साप येण्याआधी भाऊ कितीतरी दिवस रिकामी पेटीच चालवत होता, सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत. शेजारच्या काकू विचारायच्या, "यात काय उबवताय?"

तुमच्याकडे कसं केलं? लिहा.

निफाडचा_गारठा
मस्त. पण थंडीचं काय? आमच्याकडे जानेवारीत कधी कधी पारा पाच-सहावर येतो. द्राक्षाच्या घडांसाठी आम्ही रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. सापासाठी कोण जागणार

सिडकोची_थोरली
@निफाडचा_गारठा वरून सिरॅमिक हीटर, त्याला तारेचा पिंजरा, नाहीतर साप त्यालाच विळखा घालून भाजून घेतो. शोकेसच्या पाठीला बाहेरून थर्माकोल. त्या हिवाळ्यात घरातला सगळ्यात उबदार कोपरा तोच. बाबा पेपर वाचायला तिथेच खुर्ची टाकायचे आणि वर म्हणायचे, मला सापाचं काही कौतुक नाही.

आज्जीची_नात
कोणी फोटो टाकू नका हं. मी जेवताना वाचतेय.

अंबडचा_फिटर
थर्मोस्टॅट!! (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा.) कुणी लिहिलंच नाही अजून. हीटमॅट (पेटीखालची तापणारी चटई) थेट प्लगला लावली की हाताला चटका बसेल इतकी तापते. साप पोटाखालून भाजत असला तरी बसून राहतो. बाजारात गरम होणारे दगड मिळतात तेही घेऊ नका, त्याच कारणाने.
मी कंपनीत ओव्हनच्या पॅनलला बसतो तसला टेम्परेचर कंट्रोलर लावलाय. सेन्सरची वायर नीट चिकटवा. लोंबती ठेवली की साप नाकाने ढकलत नेतो. आमच्या पठ्ठ्याने रात्रीत पाण्याच्या भांड्यात नेऊन टाकली. कंट्रोलरला वाटलं थंडी पडली, हीटर चालूच. तेव्हापासून वायर पट्टीत घालून कोपऱ्यातून नेलीये.
बाकी नंतर लिहितो, शिफ्ट

दिंडोरी_लोकल
आमच्या बागेत धामण आहे. उंदीर खाते, हीटर मागत नाही, थर्मोस्टॅट मागत नाही.

फोन_आला_की_निघतो
@दिंडोरी_लोकल ती बागेतच असू द्या. कुणी विचारायच्या आत सांगतो, धामण, दिवड, नाग, अजगर, मांडूळ यातलं काहीही घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. पिल्लू सापडलं, जखमी होतं, जीव लागला, काही चालत नाही. वनविभागाला कळवायचं.
बॉल पायथन आफ्रिकेतला, पण साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, २०२४ ला नियम आले, आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणारा "कागदं नंतर देतो" म्हणाला की तिथूनच मागे फिरा.
आणि मांडुळाला दोन तोंडं नसतात. शेपूट बोथट असते, बस. त्याच्यापायी पैशाचा पाऊस पडत नाही. हे रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

दिंडोरी_लोकल
अहो दादा मी कुठे पाळतोय, तीच आम्हाला पाळतेय

पोळी_करपली
पेटीत तळाला घालायच्या कोकोपीटबद्दल (नारळाच्या काथ्याचा भुसा) लिहिते पटकन. नर्सरीत वीट मिळते ती चालते, पण खत मिसळलेलं नाही ना ते विचारून घ्या आणि आधी धुवा. देवदारचा भुसा अजिबात नको, त्याच्या तेलाचा सापाला त्रास होतो. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी की लेकीच्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. ६० टक्क्यांच्या आसपास ओलावा पाहिजे असतो. मग आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडलं, आत ओलं मॉस (शेवाळ). डोळे दुधाळ झाले की आपणहून त्यात जाऊन बसायचा. पुढची कात अखंड निघाली, पायमोज्यासारखी उलटी, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट. टोपी अडकली तर ओढायची नाही हं, डॉक्टरला दाखवायचं.
गेली माझी पोळी.

आज्जीची_नात
नाव सार्थ केलंत ताई

कॉलेजरोड_वाला
भाऊ कॉर्न स्नेक म्हणतोय. बॉलपेक्षा सोपा ना? आणि आम्ही शाकाहारी आहोत, खायला काय द्यायचं

अंबडचा_फिटर
@कॉलेजरोड_वाला ब्रेक झाला. सोपा आहे, ओलावा कमी लागतो, गरम बाजू ३० च्या जवळ पुरते. पण पळण्यात उस्ताद, बोट जाईल तिथून तोही जातो. काचा जिथे एकमेकींवर येतात ती फट आधी बघा. मित्राचा तीन आठवड्यांनी वॉशिंग मशीनच्या मागे मोटरपाशी सापडला. ठणठणीत.
खायला उंदीर. गोठवलेले आणून कोमट करून चिमट्याने. पनीर खात नाही तो.

कॉलेजरोड_वाला
फ्रीजमध्ये???

पोळी_करपली
वेगळा छोटा फ्रीझर घ्या. आमच्याकडे जाऊबाईंनी मटार समजून पुडकं बाहेर काढलं होतं. त्या आता मटार सोलूनच आणतात.

निफाडचा_गारठा
हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. साप कॅन्सल.

फोन_आला_की_निघतो
एक राहिलं. नवीन आणलात की आठवडाभर हात लावू नका, पाहुण्यांना "दाखव दाखव" तर नाहीच. खाल्ल्यावर दोन दिवस तरी उचलायचा नाही, उलटी करतो. बॉल पायथन मधेच खाणं सोडतो, महिना-दोन महिनेसुद्धा. वजन टिकून असेल तर घाबरू नका, आधी तापमान तपासा. निघतो, पाथर्डी फाट्यावर कुणाच्या तरी स्कूटीत साप आहे म्हणे.

आज्जीची_नात
स्कूटीत????? माझी स्कूटी खाली उभी आहे

कॉलेजरोड_वाला
@अंबडचा_फिटर तो कंट्रोलर बसवून कोण देईल? शोकेस आमच्याकडेही आहे.

अंबडचा_फिटर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आधी आईला विचार, शोकेसमध्ये काय आहे ते.