गच्चीवरच्या हवामान केंद्राचा कॅमेरा: दुपारी ढग पांढरेफटक, रात्री सगळं नारिंगी

कारेलीबाग_गच्ची
मंडळी, बडोद्यात गच्चीवर घरगुती हवामान केंद्र बसवलंय. रास्पबेरी पाय ४ (चिमुकला संगणक, पुढे नुसता 'पाय'), तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर, पर्जन्यमापक आणि सरळ वर रोखलेला, पायचाच एचक्यू कॅमेरा. त्यावर १.५५ मिमीची फिशआय (जवळजवळ सगळं आकाश गोलात टिपणारी) लेन्स आणि वर सीसीटीव्हीचा पारदर्शक घुमट. पायवरचा आरपीकॅम-स्टिल हा प्रोग्रॅम दर ५ मिनिटांनी एक फोटो काढतो, सगळं ऑटोवर.

दुपारी ढगांच्या कडा जळून जातात आणि निळं आकाश राखाडी दिसतं. सूर्यास्तानंतरचे फोटो एक उजळ, एक काळा असे लुकलुकतात, त्यामुळे टाइमलॅप्सची वाट लागते. रात्री नारिंगी चिखल. शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून पहाटे घुमट आतून धुरकटतो. कॅमेराच बदलावा का?

लघुछिद्र
कॅमेरा बदलू नका. त्यातला आयएमएक्स४७७ सेन्सर या कामाला पुरून उरतो, घोळ ऑटोचा आहे. फिशआयच्या गोलाबाहेरचे कोपरे काळे, त्यात गच्चीचा काळपट कठडा. प्रोग्रॅमचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, यातलंही थोडं हिशोबात धरतो आणि चित्र अंधारं समजून एक्स्पोजर वाढवतो. त्यात ढगांचा बळी जातो. सावलीतला भाग नंतर उजळवता येतो, पण जळालेल्या ढगात माहितीच उरत नाही.

आज लगेच करायचं तर ईव्ही (ऑटोचं एक्स्पोजर कमी-जास्त करायचा आकडा) उणे १ ठेवा. मीटरिंग 'स्पॉट' (फक्त ऐन मधला भाग मोजणं) करायचा मोह होईल, पण बडोदा २२.३ अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. जूनच्या सुरुवातीला आणि १० जुलैच्या आसपास भर दुपारी सूर्य ऐन डोक्यावर, म्हणजे तुमच्या चौकटीच्या मधोमध येतो. त्या दिवसांत स्पॉट मीटरिंग सूर्यच मोजत बसतं आणि बाकी आकाश काळवंडतं.

पक्का उपाय म्हणजे ऑटो बंद करून शटर (सेन्सरवर उजेड पडू द्यायचा वेळ) स्वतःच्या स्क्रिप्टने ठरवणं. एक काळा-पांढरा मास्क करा: डोक्यावरच्या बिंदूपासून २० ते ६० अंशांमधलं कडं पांढरं, बाकी काळं. प्रत्येक फोटोत फक्त त्या कड्यातली सरासरी उजळता काढा. ० ते २५५ मध्ये दिवसा ११०च्या आसपास लक्ष्य ठेवा आणि त्यानुसार पुढच्या फोटोचं शटर बदला. कड्यातले १ टक्क्याहून जास्त पिक्सेल २४५च्या वर गेले तर सरासरी काहीही असो, शटर कमी करा. एक खाच आहे. जेपेगमध्ये गॅमा असतो, म्हणजे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून शटरला थेट 'लक्ष्य भागिले सरासरी'ने गुणलं तर दुरुस्ती नेहमी अपुरी पडते. ते गुणोत्तर साधारण २.२ घाताला चढवा. एफ २च्या लेन्सला भर उन्हात शटर १५० ते २०० मायक्रोसेकंदांच्या घरात येईल, आकडा पाहून दचकू नका.

संध्याकाळी लुकलुकण्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे सूर्य तिरपा न उतरता जवळजवळ सरळ खाली जातो. सूर्यास्तानंतर दर ३ मिनिटांना उजेड साधारण निम्मा होतो. तुमच्या ५ मिनिटांत तो एक तृतीयांशाच्याही खाली जातो, मग मागच्या फोटोवरून पुढचं शटर कसं ठरणार? सूर्य क्षितिजाखाली १५ अंश जाईपर्यंत फोटो दर मिनिटाला काढा आणि एका पावलात शटर दीडपटीपेक्षा जास्त बदलू देऊ नका. पहाटे हेच उलट. गेन (सेन्सरचा सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) १ वरच धरा. शटर १० सेकंदांना टेकलं की मगच गेन वाढवा, शहरात ४च्या वर नेण्यात अर्थ नाही.

रंगाचं बघू. चौकटभर निळं दिसलं की ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक आपोआप काढणारी सोय) त्याला दोष समजून पुसतो, म्हणून आकाश राखाडी. दुपारच्या उन्हात झेरॉक्सचा कोरा कागद लेन्ससमोर धरून ऑटोवर एक फोटो काढा, मेटाडेटा फाईल (फोटोच्या सेटिंग्जची नोंद) साठवायला सांगा आणि त्यातले कलर गेन्सचे (लाल आणि निळा किती पट करायचा याचे) दोन आकडे कायमचे बसवा. रात्रीसाठी वेगळी जोडी लागेल, लाल कमी आणि निळा जास्त. दिवसाच्या जोडीवरून तिच्यावर एकदम उडी न मारता अर्ध्या तासात हळूहळू सरका.

रात्रीच्या लांब एक्स्पोजरला शटर, गेन, कलर गेन्स तिन्ही हाताने द्या आणि सोबत 'इमिजिएट' पर्याय लावा. नाहीतर प्रोग्रॅम आधी प्रिव्ह्यू चालवतो आणि १० सेकंदांचा फोटो मिनिटभर खातो.

धूसर_क्षितिज
वरचं सगळं बरोबर. भर म्हणून एक: सूर्य चौकटीत असताना चौपटीच्या अंतराने तीन शटर घ्या, समजा १००, ४०० आणि १६०० मायक्रोसेकंद. ते ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधल्या मर्टेन्स फ्यूजनने (वेगवेगळ्या शटरचे फोटो मिसळायची पद्धत) जोडले की सूर्याजवळचे आणि क्षितिजावरचे ढग एकाच चित्रात येतात. फोटो एकामागोमाग लगेच घ्या. मध्ये ५-१० सेकंद गेले तर डोक्यावरच्या खालच्या ढगांना दुहेरी कडा येतात.

लघुछिद्र
दिसायला छान, पण त्या फोटोंवरून ढगांचं प्रमाण मोजणार असाल तर नको. फ्यूजन प्रत्येक भागाची उजळता आपल्या मनाने बदलतं. मोजणीसाठी मधला एकेरी फोटो वेगळा साठवा.

दवबिंदू
घुमटाकडे वळतो, कारण तो धुरकट असेल तर वरची सगळी मेहनत वाया.

आतून धुकं धरतं ते डबा श्वास घेतो म्हणून. उन्हात आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री आकसताना केबलच्या भोकातून ओली हवा आत ओढली जाते. सिलिकॉन फासून हे थांबत नाही, उलट आत शिरलेलं पाणी अडकून बसतं. केबल ग्लँड (वायर आत घ्यायची घट्ट बुच) डब्याच्या तळाला घ्या, वायरला ग्लँडच्या खाली लोंबता झोल ठेवा आणि तळालाच श्वसनपटल (हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा पडदा) असलेला व्हेंट प्लग लावा. सिलिका जेल टाका, पण पावसाळ्यात त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत वापरता येतं.

खरा इलाज ऊब. ४.७ ओमचे, २ वॅटचे ६ रेझिस्टर एकसरीत जोडून लेन्सभोवती कडं करा. १२ व्होल्टवर ०.४३ अँपियर, म्हणजे जेमतेम ५ वॅट. प्रत्येकावर ०.८५ वॅट पडतो, म्हणून १ वॅटचे घेऊ नका, करपतील. कडं घुमटाच्या प्लॅस्टिकला टेकू नये, सेंटिमीटरभर अंतर हवं. चालू-बंद करायला आयआरएलझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या. दुकानदार हमखास आयआरएफझेड४४एन हातात देईल, पण पायच्या ३.३ व्होल्टवर तो पुरता उघडत नाही. गेट (मॉसफेटची इशारा घेणारी पिन) ते ग्राउंड १० किलोओमचा रेझिस्टर लावा, म्हणजे पाय रीस्टार्ट होताना हीटर चालू राहणार नाही.

हीटर केव्हा लावायचा ते तुमचा बीएमई२८० सांगेल. आर्द्रता ५० टक्क्यांवर असेल तर दवबिंदू साधारण 'तापमान उणे (१०० उणे आर्द्रता) भागिले ५'. २७ अंश आणि ९० टक्के असेल तर २५. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांत ३ अंशांहून कमी फरक उरला की हीटर चालू, ५च्या वर गेला की बंद. मे महिन्यात तो चुकूनही लागता कामा नये, आधीच तापलेल्या डब्यात कॅमेऱ्याच्या सेन्सरचा नॉइज (चित्रातले दाणे) आणखी वाढेल.

पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडका. स्पिरिट किंवा अमोनियावाला काचेचा स्प्रे नको, ॲक्रिलिकवर बारीक तड्यांचं जाळं उठतं.

मांजलपूर_दुर्बीण
फोकस कोणी काढलाच नाही. एचक्यू कॅमेऱ्यासोबत ५ मिमीची सी-सीएस रिंग बसवलेलीच येते; सी आणि सीएस हे लेन्स बसवायचे दोन प्रकार (माउंट), आणि रिंग सी लेन्ससाठी असते. लेन्स सीएस माउंटची असेल आणि रिंग तशीच राहिली असेल तर अनंतावर फोकस कधीच लागणार नाही. ती काढा. फोकस घुमट चढवून, रात्री ताऱ्यावर किंवा लांबच्या टॉवरच्या दिव्यावर करा आणि मग लेन्सचा स्क्रू आवळा. घुमटाच्या गोलाईच्या केंद्राशी लेन्स हवी. ती खाली-वर असेल तर कडेचे ढग ताणलेले दिसतात.

रात्री चित्रात लाल-हिरवे ठिपके दिसत असतील तर ते पायचे एलईडी घुमटात उमटताहेत. काळी इन्सुलेशन टेप लावा, आणि लेन्सभोवतीची प्लेट मॅट काळी रंगवा.

उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, घुमटावर जाड प्लॅस्टिकचं भांडं उपडं ठेवून बांधून टाका. मांजा घासून गेला की ओरखडा कायमचा, आणि पुढे वर्षभर सूर्यासमोर तो चमकणार.

कारेलीबाग_गच्ची
सीएस लेन्स आहे आणि रिंगही आतच आहे, आजच काढतो. हीटरचे १२ व्होल्ट आणायचे कुठून? पायला ५ व्होल्टचा ॲडॉप्टर आहे.

दवबिंदू
वेगळा १२ व्होल्ट, १ अँपियरचा ॲडॉप्टर घ्या, मध्ये १ अँपियरचा फ्यूज. त्याचं ग्राउंड पायच्या ग्राउंडला जोडायलाच हवं, नाहीतर मॉसफेटला गेटचा इशारा कळतच नाही. पायच्या ५ व्होल्टवर हेच कडं लावलंत तर जेमतेम ०.९ वॅट मिळेल, त्याने काही सुकणार नाही.