लॅब्राडोरचं पोट कधी भरतच नाही का?

पिवळ्याची_ताई
आमचा लॅब आता ११ महिन्यांचा झालाय, नर, वजन ३६ किलो. दोन वेळा व्यवस्थित खातो तरी वाडगं चाटूनपुसून झालं की परत येऊन मांडीवर हनुवटी टेकवून असा काही बघतो की आईला राहवतच नाही, ती म्हणते बिचारा उपाशी राहिलाय आणि मग घरातलं कोणी ना कोणी काहीतरी देतंच. मागच्या आठवड्यात आख्खा मोजा गिळला, डॉक्टरांनी उलटी करवून काढला तेव्हा जीव भांड्यात पडला. शिवाय चप्पल, रिमोट, उशी सगळं तोंडात धरून फिरतो, फाडत नाही पण सोडतही नाही. खाणं खरंच कमी पडतंय का त्याला?

दोन_लॅबचे_बाबा
कमी पडत नाहीये हो, उलट आईंना सांगा की ती भूक खरी असते पण ती पोटातून नाही, मेंदूतून येते. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या लोकांनी शोधलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे भूक आवरणारा मेंदूतला निरोप नीट जातच नाही. नंतर २०२४ मध्ये हेही दिसलं की अशा कुत्र्यांचं शरीर आराम करताना जवळपास २५ टक्के कमी कॅलरी जाळतं, म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी, बिचाऱ्याची दोन्हीकडून कोंडी. तुमच्या कुत्र्यात तो बदल आहे की नाही हे टेस्टशिवाय कळणार नाही, पण प्रत्येक लॅबला तो आहे असं समजूनच वाढावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. एका अभ्यासात ४८ लॅब जन्मभर पाहिले, जोड्या लावून, एकाला जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि सांध्यांचं दुखणंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागलं. आमचा पहिला लॅब आम्ही लाडाने जाड केला होता, नवव्या वर्षी त्याला उठताना पुढचे पाय आधी रेटून मग मागचं अंग ओढावं लागायचं, ते बघवायचं नाही. दुसऱ्याचं खाणं पहिल्या दिवसापासून वजनकाट्यावर मोजतोय.

पाणकुत्रा
तोंडात धरण्याचं मी सांगते, तो वाईटपणा नाही, त्याच्या पूर्वजांचं कामच ते होतं. नावात लॅब्राडोर हा प्रदेश असला तरी ही जात मूळची कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाची, तिथले सेंट जॉन्स वॉटर डॉग कोळ्यांबरोबर बोटीवर असायचे, गळातून निसटलेले मासे, जाळ्यांचे दोर पाण्यातून ओढून आणायचे. एकोणिसाव्या शतकात मासे घेऊन येणाऱ्या जहाजांतून ते इंग्लंडच्या पूल बंदरात पोचले, माम्सबरीच्या अर्लने, म्हणजे तिथल्या एका उमरावाने, ते जपले आणि १८८० च्या दशकात त्याच्याकडची काही कुत्री बक्लूच्या ड्यूककडे गेली, आजच्या लॅबचा वंश मुख्यतः तिथून. शिकारीत पडलेला पक्षी दात न लावता आणायचा म्हणून तोंड मऊ असलेली कुत्री निवडत गेले. १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली. मूळचा वॉटर डॉग मात्र विसाव्या शतकात संपला, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून चप्पल धरली की मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो आणि घाईत गिळतो, मोजा असाच गेला असणार. समोर दुसरी वस्तू धरा, सोडली की शाबासकी. रोज दहा मिनिटं आणून द्यायचा खेळ खेळा, नुसत्या फिरण्यापेक्षा तो याने जास्त शांत होतो. पोहून आला की कान कोरडे करा, लोंबते कान ओले राहिले की आत इन्फेक्शन होतं. आणि उन्हाळ्यात भादरू नका, केसांचा दुहेरी थर असतो, रोज ब्रश पुरे.

नुसती_सूचना
बरगड्यांवरून हात फिरवून बघा. हात सपाट पसरून मागच्या बाजूने बोटांची हाडं लागतात तशा लागल्या तर ठीक, तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर जाड, मूठ वळल्यावर लागतात तशा टोचल्या तर बारीक. बक्षिसाचे दाणे दिवसाच्या वाट्यातूनच काढायचे, वेगळे नाहीत. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) असलेलं काहीही चोरता येईल असं ठेवू नका.

पिवळ्याची_ताई
आत्ताच करून बघितलं, तळवाच 😔 आईलाही हात लावून बघायला सांगितलं, तिने दोनदा बघितलं आणि गप्प बसली. डॉक्टरांना विचारून माप ठरवतोय आणि उद्यापासून वाटा आईच काढणार आहे, वजनकाटा तिने स्वतःच्या ताब्यात घेतलाय. हे लिहितेय तेव्हा तो माझी चप्पल तोंडात धरून शेजारी बसलाय, चेंडू दाखवला तर सोडली त्याने, पहिल्यांदाच.