शाळेचे इयरबुक: काम कसे आखावे आणि प्रती विद्यार्थ्यांपर्यंत कशा पोहोचवाव्यात?

भाषाशिक्षिका (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेच्या इयरबुकची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. माध्यमिक विभागात सुमारे ६०० विद्यार्थी आहेत आणि वरच्या वर्गांतील काही उत्साही मुलामुलींचे संपादक मंडळ नेमून झाले आहे. गेल्या वर्षीचा अंक दिसायला देखणा होता. जाड चकचकीत कागद, उत्तम मुखपृष्ठ, भरपूर रंगीत छायाचित्रे, सगळे होते. तरीही छापलेल्या प्रतींपैकी बऱ्याच प्रती ग्रंथालयाच्या कपाटात गठ्ठे बांधलेल्या अवस्थेत आजही पडून आहेत. प्रसिद्धी कमी पडली, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात फलक लावले होते, प्रार्थनेच्या वेळी घोषणा केल्या होत्या आणि पालकांना संदेशही पाठवले होते, त्यामुळे हे निदान मला फारसे पटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. काम कोणत्या क्रमाने करावे आणि पानांची संख्या कशी ठरवावी? प्रसिद्धीला सुरुवात केव्हा करावी? आणि पुस्तक हातात नसताना आगाऊ नोंदणी मागायची, तर विद्यार्थ्यांना दाखवायचे तरी काय? ज्यांनी हे काम पूर्वी केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

संपादक मंडळाचा माजी मार्गदर्शक

मॅडम, आपली शंका रास्त आहे. फलक वाढवण्याआधी एक काम करून पाहा. गेल्या वर्षीचा अंक आणि त्याच वर्षीचा एखाद्या तुकडीचा हजेरीपट शेजारी ठेवून प्रत्येक नावापुढे, ते नाव अंकात जितक्या वेळा आले असेल तितक्या खुणा करा. वर्गाचे सामूहिक छायाचित्र मोजू नका. मागच्या रांगेत अर्धा झाकलेला चेहरा असणे म्हणजे अंकात असणे नव्हे. बहुतेक शाळांमध्ये वक्तृत्वातले, नाटकातले आणि खेळाच्या संघातले तेच ते चेहरे पानोपानी दिसतात आणि बाकीच्यांच्या नावापुढची जागा कोरी राहते. ज्या पुस्तकात आपण नाही ते पुस्तक मुलाने विकत का घ्यावे, याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. म्हणून माझ्या मते इयरबुकची निर्मिती आणि प्रसिद्धी ही दोन कामे नाहीतच. कोणाकोणाला अंकात आणायचे हे ठरवतानाच विक्री निम्मी ठरलेली असते.

प्रत्येक विद्यार्थी किमान तीनदा यावा, असा एक दंडक इयरबुक करणाऱ्यांमध्ये प्रचलित आहे. एकदा ओळखचित्रात आणि आणखी दोनदा अन्यत्र, नावासह. आपल्या शाळेचा हिशेब करून पाहू. अंक ९६ पानांचा धरला आणि एका पानावर ३० ओळखचित्रे बसवली, तर ६०० जणांना २० पाने लागतात. शीर्षक, अनुक्रम, मनोगते, नामसूची आणि सह्यांची पाने मिळून १२ धरा. उरतात ६४ पाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या ३२ जोड्या. प्रत्येकाला ओळखचित्राखेरीज आणखी एकदा आणायचे ठरवले, तर प्रत्येक जोडीवर साधारण १९ नावे यावी लागतील. हे कष्टाचे असले तरी जमते. दोनदा आणायचे ठरवले तर जोडीमागे ३७-३८ नावे होतात आणि पान टेलिफोन डिरेक्टरीसारखे दिसू लागते. म्हणून आपल्या आकाराच्या शाळेत तीनचा हट्ट धरू नये. दोन ही किमान मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी.

जी मुले स्पर्धेत उतरत नाहीत ती कार्यक्रमांच्या छायाचित्रांत कधीच सापडणार नाहीत, हे मंडळाला पहिल्याच बैठकीत सांगा. ती मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, बसची वाट पाहताना सापडतात. एक युक्ती आम्हाला फार उपयोगी पडली. एका तुकडीला एकच साधा प्रश्न विचारायचा, उदाहरणार्थ 'दप्तरात कायम असते पण कधीच वापरली जात नाही अशी वस्तू कोणती?', आणि प्रत्येकाचे एका ओळीचे उत्तर नावासह छापायचे. अर्ध्या पानात अख्खी तुकडी बसते आणि मुले ते पान वार्षिक समारंभाच्या वृत्तान्तापेक्षा अधिक आवडीने वाचतात. (पाहुण्यांच्या स्वागताची, दीपप्रज्वलनाची आणि पुष्पगुच्छाची छायाचित्रे एका पानात आटोपावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्याध्यापकांना ते पटवणे हे मात्र आपले काम.)

चित्रओळींकडे विशेष लक्ष द्या. 'विज्ञान प्रदर्शनातील एक आनंदी क्षण' ही ओळ कोणत्याही शाळेच्या कोणत्याही वर्षाच्या अंकात खपून जाते, म्हणजेच तिचा उपयोग शून्य. त्याऐवजी डावीकडून तिघांची पूर्ण नावे द्यावीत आणि परीक्षक येण्याच्या दहा मिनिटे आधीच ज्वालामुखीची प्रतिकृती फुटल्यामुळे ते टेबल पुसत आहेत, असे लिहावे. वीस वर्षांनी अंक उघडणाऱ्याला टेबलावरचा तो फेस आठवेल. हे लिहिण्यासाठी बातमीदाराने त्याच दिवशी तिघांशी बोललेले असावे लागते. महिनाभराने छायाचित्र पाहून चित्रओळ लिहायला बसले की 'आनंदी क्षण'च सुचतात.

छपाईपूर्व विभागात काम करणारा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. छपाईच्या बाजूने काही गोष्टी सांगतो, कारण शाळांच्या अंकांची तीच तीच दुखणी दरवर्षी आमच्या टेबलावर येतात.

वेळापत्रक शेवटाकडून मागे येत आखावे. अंक मुलांच्या हाती ज्या दिवशी पडायला हवा तो दिवस आधी ठरवा आणि तिथून बांधणी, छपाई, प्रूफतपासणी असे मागे येत फाइल देण्याची तारीख काढा. ऐन हंगामात प्रत्येक प्रेसकडे गर्दी असते, म्हणून ही तारीख प्रेसशी आताच लेखी ठरवून घ्यावी. सगळी पाने एकाच वेळी देण्याचा विचार करू नका. पहिल्या सत्रातले कार्यक्रम, ओळखचित्रे आणि मंडळांची पाने सुट्टीपूर्वीच पूर्ण करून द्यावीत, म्हणजे शेवटच्या आठवड्यांत मोजकीच पाने उरतात. वर्ष संपण्यापूर्वी अंक वाटायचा असेल तर शेवटच्या दीड-दोन महिन्यांतल्या घडामोडी त्यात येणार नाहीत, हे आधीच मान्य करावे लागते. निरोप समारंभ हवाच असेल तर चार पानांची वेगळी पुरवणी नंतर छापून देता येते. निरोपासाठी अख्खा अंक पुढे ढकलला की शाळा सोडून जाणारी मुले पांगतात आणि गठ्ठे कपाटात राहतात.

पानांची संख्या १६ च्या पटीत ठेवणे सर्वांत किफायतशीर ठरते, कारण मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की सहसा १६ पानांचा एक फॉर्म तयार होतो. ९६ पाने म्हणजे बरोबर सहा फॉर्म. 'दोनच पाने वाढवली आहेत' असा फोन शेवटच्या दिवशी येतो, तेव्हा त्या दोन पानांसाठी वेगळा छोटा फॉर्म लावावा लागतो आणि उरलेल्या जागेत कोरी पाने जातात.

छायाचित्रांबाबत कळकळीने सांगतो. छपाईसाठी छापील आकारात इंचाला ३०० पिक्सेल हवेत. पूर्ण ए-४ पानासाठी हा आकडा २४८० × ३५०८ पिक्सेल इतका होतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकुंचन पावते. त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरली, तर ते चित्र जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर लांबीपर्यंत नीट छापता येते, आणि शाळा तेच चित्र मुखपृष्ठावर मागते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा सामायिक ड्राइव्हवर ठेवावी. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात आणि ते नेमके मुलांच्या नावांत बिघडतात. पानाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला कटिंगसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडा, आणि दोन पानांवर पसरलेल्या सामूहिक छायाचित्रात बांधणीच्या घडीत कोणाचा चेहरा जात नाही ना, हे पाहा.

कागदाविषयी म्हणाल तर जाड चकचकीत कागदाचा आग्रह मला कधीच समजलेला नाही. आतल्या पानांना १३० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) मॅट, म्हणजे चमक नसलेला, आर्ट पेपर पुरेसा असतो. मात्र सह्यांची पाने साध्या मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेल्या, कागदावर घ्यावीत. आर्ट पेपरसारख्या लेप दिलेल्या कागदावर पेनाची शाई लवकर वाळत नाही, समोरच्या पानाला लागते, आणि मित्रांनी लिहिलेला मजकूर पहिल्याच दिवशी पसरतो. हा कागद वेगळा असल्याने ती पाने अंकाच्या शेवटी एकत्र ठेवावी लागतात, एवढीच अट. शेवटचा मुद्दा प्रतींच्या संख्येचा. काही शे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई बहुधा परवडते. त्यापुढे ऑफसेट, कारण त्या पद्धतीत आधी बनवाव्या लागणाऱ्या छपाईच्या प्लेटचा खर्च प्रतींमध्ये वाटला जातो. दोन्हींचे दर मागवा, पण दर प्रत स्वस्त पडते म्हणून जास्त प्रती छापू नका. नोंदणी झाली असेल तेवढ्याच छापा.

एक पालक

मी पालकांच्या बाजूने थोडे लिहिते. काही पालकांना मुलांची छायाचित्रे छापलेली नको असतात आणि त्यामागची कारणे त्यांना सर्वांसमोर सांगायची नसतात. वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी संमती घ्यावी आणि नकार दिलेल्यांची यादी प्रत्येक छायाचित्रकाराजवळ असावी. छपाईच्या आदल्या दिवशी चेहरे धूसर करत बसणे त्या मुलांसाठी अधिक त्रासाचे ठरते. पत्ता, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख यांपैकी काहीही अंकात नको. अंकाची पीडीएफ शाळेच्या संकेतस्थळावर खुली ठेवण्याचा मोह टाळावा, कारण छापील अंक ठरावीक घरांत राहतो, खुली फाइल कुठेही जाते.

'सर्वांत आळशी', 'सर्वांत बडबडी' अशा किताबांना माझा पूर्ण विरोध आहे. छापताना गंमत वाटते, पण ते शब्द त्या मुलाच्या नावापुढे कायमचे राहतात. तसेच पालकांकडून शुभेच्छांची पाने घेणार असाल तर सर्वांना एकच आकार द्यावा. एका मुलाला पूर्ण पान आणि दुसऱ्याला काडेपेटीएवढा चौकोन मिळाला, की पालकांच्या ऐपतीचा तक्ताच छापल्यासारखा होतो.

भाषाशिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे एका तुकडीचा हजेरीपट घेऊन बसले. जवळजवळ निम्म्या नावांपुढे एकही खूण पडली नाही, आणि ज्यांच्यापुढे भरपूर खुणा पडल्या ती बहुतेक मुले गेल्या वर्षीच्या संपादक मंडळातील किंवा त्यांच्या मित्रमंडळींतील निघाली. यंदाचे मंडळही एकमेकांच्या ओळखीतूनच तयार झाले आहे, त्यामुळे हेच पुन्हा घडेल अशी भीती वाटते. शिवाय नोंदणी केव्हा सुरू करावी आणि ज्यांना किंमत परवडत नाही त्यांचे काय करावे, हेही कळवावे.

संपादक मंडळाचा माजी मार्गदर्शक

मंडळ मोडू नका, त्यात भर घाला. प्रत्येक तुकडीतून एक प्रतिनिधी घ्या आणि प्रत्येक बातमीदाराला स्वतःच्या तुकडीबाहेरच्या वीस-पंचवीस नावांची यादी नेमून द्या. त्या यादीतले प्रत्येक नाव अंकात आणणे ही त्याची जबाबदारी. पहिल्या दिवसापासून एक सामायिक तक्ता ठेवा: नाव, तुकडी, पान क्रमांक, छायाचित्र की मजकूर. दर महिन्याच्या बैठकीत त्यातली कोरी नावे मोठ्याने वाचा. हाच तक्ता शेवटी नामसूची म्हणून छापता येतो.

पुस्तक नसताना काय दाखवायचे, या आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच तक्त्यात आहे. पहिल्या सत्राची पाने तयार झाली की प्रत्येक विद्यार्थ्याला छोटी चिठ्ठी द्या: 'तुम्ही पान ३४ आणि पान ५८ वर आहात.' पान मात्र दाखवू नका. ज्याने कधी कशात भाग घेतला नाही त्याच्या हातात अशी चिठ्ठी पडली की तो दुसऱ्याच मिनिटाला मंडळातल्या मुलांना गाठतो आणि पानावर काय आहे ते विचारतो. फलकांनी हे काम होत नाही. ज्यांना द्यायला चिठ्ठी नाही, त्यांच्याकडे उरलेल्या महिन्यांत बातमीदार पाठवा.

नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच कमी किमतीत उघडा, चिठ्ठ्या वाटल्यावर पुन्हा आठवण द्या आणि शेवटच्या टप्प्यात किंमत थोडी वाढवा. फाइल प्रेसला द्यायची तारीख हीच नोंदणीची अखेरची तारीख ठेवा आणि मुदतवाढ देऊ नका. एकदा दिली की पुढच्या वर्षी कोणी वेळेत नोंदणी करत नाही. नोंदणीपेक्षा शेकडा तीन ते पाच प्रती जादा पुरेत. सदोष निघालेल्या प्रती बदलून द्यायला त्या लागतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी नोंदणीच्या अर्जावरच 'आणखी एका प्रतीसाठी मदत देऊ इच्छितो' असा रकाना ठेवावा. जमलेल्या रकमेतून कोणाला प्रत द्यायची हे वर्गशिक्षकांनी गुपचूप ठरवावे आणि त्या मुलाचे नाव इतरांसारखेच नोंदणीच्या यादीत घालावे, म्हणजे वाटपाच्या दिवशी सर्वांची एकच रांग लागते.

नावांचे लेखन तपासण्यासाठी प्रत्येक तुकडीची छापील यादी वर्गात लावून, ज्याने त्याने आपल्या नावापुढे सही करावी, अशी पद्धत ठेवा. हे काम ओळखचित्रे काढण्याच्या आठवड्यातच उरका, कारण त्या दिवसांत गैरहजेरी सर्वांत कमी असते.