सभागृह एकच, सिनेमाही आणि वृंदगानही: म्हणून घुमारा मारून टाकायचा का?

खर्जातला
लहान गावांतल्या कलाकेंद्रांच्या धाग्यावर परवा पहिला_खेळ यांनी ठोकून दिलं: "एकाच सभागृहात सिनेमा आणि वृंदगान हा हट्ट सोडा. भिंती कायमच्या फोमने मढवा, स्क्रीन कायमची ठोका, गाणाऱ्यांना माइक द्या. फरक कुणालाही कळत नाही." त्या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

फरक कळतो, आणि पहिल्याच स्वराला कळतो. सिनेमाच्या ध्वनीत गुहेचा, जिन्याचा, मैदानाचा घुमारा आधीच मिसळलेला असतो. सभागृहाने त्यात स्वतःचं काही घालायचं नसतं, म्हणून तिथे आवाज अर्ध्या-पाऊण सेकंदात विरलेला बरा. वृंदगानाचं उलटं आहे. चाळीस गळ्यांचा एक आवाज होतो तो भिंतींवरून परत आल्यावर. दीड सेकंदाच्या खाली गेलात की चाळीस गळे सुटे सुटे ऐकू येतात, आणि ओळ संपली की आस न राहता स्वर कापल्यासारखा थांबतो.

आता हिशेब. सॅबाइनचं सूत्र जुनंच: घुमारा किती सेकंद टिकतो ते काढायला घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण (म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या क्षेत्रफळाइतकं). 20 मीटर लांब, 12 रुंद, 6 उंच सभागृह घ्या. 1440 घनमीटर. गुणाकार येतो 232. रिकाम्या, प्लास्टर केलेल्या सभागृहाचं शोषण 50 चौरस मीटर धरा, 200 माणसांचं माणशी अर्धा म्हणजे 100. 232 भागिले 150, दीड सेकंद. वृंदगान इथे फुलतं. सिनेमाच्या दिवशी बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर दीडशे चौरस मीटर जाड मखमली पडदे ओढले की 90 ची भर पडते आणि घुमारा सेकंदाच्या आत येतो. पडदे सरकवले की पुन्हा दीड.

फोम चिकटवलात की परतीचा रस्ता बंद. शिवाय एक-दोन इंची फोम फक्त वरचे स्वर खातो. व्यंजनांची धार जाते, खर्ज मात्र ढोलासारखा घुमत राहतो. म्हणजे ज्यासाठी गाणं मारलंत तो सिनेमाही धड राहत नाही.

घुमारा असला तर झाकता येतो. नसला तर आणणार कुठून?

पहिला_खेळ
तुमचं गणित भरलेल्या सभागृहाचं आहे. मधल्या वारच्या खेळाला चाळीस माणसं येतात. तुमच्याच सूत्रात चाळीस घाला: 50 अधिक 20, म्हणजे 70. सव्वातीन सेकंद! पडदे ओढले तरी जवळजवळ दीड. त्या घुमाऱ्यात कुजबुजीचा एक संवाद कळू द्या. वृंदगानाला दीड सेकंद म्हणजे सुख असेल, सिनेमात एका शब्दाची शेपटी पुढच्या चार शब्दांवर पडते. आणि प्रेक्षक गाण्यातला शब्द चुकला तर सोडून देतो, कथेतला चुकला तर उठून जातो.

दुसरं, दीडशे चौरस मीटर पडदे ओढणार कोण? जिथे एकच माणूस तिकीटं फाडतो, दिवे लावतो आणि प्रोजेक्टर चालवतो, तिथे तुमची योजना दुसऱ्या महिन्यात बंद पडते. पडदे अर्धे ओढलेले राहतात आणि दोन्ही कार्यक्रम बिघडतात.

खर्जातला
चाळीस माणसांचा मुद्दा बरोबर आहे. मान्य, कारण आकडे तुमच्या बाजूला आहेत. पण दोष माझ्या पडद्यांचा नाही, प्लास्टिकच्या खुर्च्यांचा आहे. गादीची, कापडी पाठीची खुर्ची रिकामी असली तरी माणूस बसल्याइतकंच, जरा कमी, शोषते. खुर्चीमागे 0.45 धरला तर 200 खुर्च्यांचे 90. मग माणसं चाळीस असोत की दोनशे, उघडं सभागृह एक पूर्णांक सहाच्या आसपास आणि पडदे ओढल्यावर एक. तालमीला रिकामं सभागृह आणि मैफलीला भरलेलं, यात गाणाऱ्यांची जी दाणादाण उडते तीही थांबते. रेक्झिनची खुर्ची मात्र घेऊ नका, हवा आत जात नाही, वरचे स्वर तिच्यावरून उसळून परततात.

आल्टो_दुसरी_रांग
खुर्च्या राहू द्या. "माइक द्या" या दोन शब्दांवर अजून कुणी बोलत कसं नाही?

वृंदगानाला माइक दिला की समतोल संचालकाच्या हातातून जातो आणि मिक्सरवर बसलेल्याच्या बोटात येतो. संचालकाने अर्ध्या तासात सोप्रानो (सर्वांत वरच्या स्वरात गाणाऱ्या) मागे घ्यायला शिकवलेल्या असतात. मिक्सरवाला एक फेडर (आवाज कमीजास्त करायचं सरकतं बटण) वर करतो आणि सगळं पुसून टाकतो. माइकच्या समोर जी उभी तिचाच आवाज येतो, बाकीच्या अकरा जणी कोरस नव्हे, पार्श्वभूमी होतात. आणि पुढे मॉनिटर (गाणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) ठेवले की सोन्याहून पिवळं, आता त्या माइकमधून मॉनिटरही घुमतो.

फेडर_शून्यावर
ताई, हे चुकीच्या माइकिंगचं वर्णन आहे, माइकिंगचं नाही. तोंडासमोर माइक लावायला सांगतंय कोण?

पंधरा ते वीस गळ्यांमागे एक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक. पहिल्या रांगेच्या पुढे 60 ते 90 सेंटीमीटर, उंची शेवटच्या रांगेतल्या सर्वांत उंच डोक्याच्या वर तितकीच, तोंड शेवटच्या रांगेकडे. पुढच्या रांगा जवळ असतात, मागच्या लांब, म्हणून नेम मागे धरायचा म्हणजे हिशेब आपोआप जुळतो. दोन माइकमधलं अंतर माइक ते गायक या अंतराच्या तिप्पट. कमी ठेवलंत तर तोच आवाज दोन माइकमध्ये थोड्या फरकाने पोचतो, काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. चाळीस जणांना तीन माइक पुरतात. आठ लावणारे बघितले की हात शिवशिवतात, कारण उघडे माइक दुप्पट केले की शिट्टी वाजण्याआधीची जागा 3 डेसिबलने कमी होते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: स्पीकरला विलंब द्या. आवाज मीटरला 2.9 मिलिसेकंद घेतो. स्पीकर गायकांच्या चार मीटर पुढे असतील तर साधारण 12 द्या, वर 5 ते 10 आणखी. मग कानाला पहिला आवाज गायकांकडून येतो आणि मेंदू सगळाच आवाज तिथून आला असं धरतो. हास यांनी 1949 मध्ये हेच मांडलं. नीट केलं तर मागच्या रांगेतल्या माणसाला माइक आहे हे कळतही नाही.

आल्टो_दुसरी_रांग
म्हणजे तुम्ही आधी सभागृह मारणार आणि मग तीन माइक, दोन स्पीकर, विलंब आणि एक जाणकार माणूस लावून त्याचं पुनरुज्जीवन करणार. आणि तो जाणकार त्या दिवशी नसला तर? पहिल्या_खेळाचा एकटा तिकीट फाडणारा फेडर सांभाळणार का?

मुळात तुम्ही फक्त प्रेक्षकाचं बोलताय. गाणाऱ्याला शेजारणीचा सूर ऐकू यावा लागतो. मागे स्क्रीन आणि काळे पडदे असले की आपला आवाज पुढे जातो आणि परत येत नाही. मग प्रत्येक जण जोर लावतो. नकळत. लोम्बार्ड परिणाम 1911 पासून माहीत आहे, ऐकू आलं नाही की माणूस आवाज चढवतो. जोर लावला की सूर बिघडतो, आणि साथीशिवाय गाताना पट्टी खाली घसरते. मिक्सरवर घसरलेली पट्टी वर करायचा फेडर नाही.

फेडर_शून्यावर
ही शेवटची गोष्ट पूर्ण खरी आहे आणि ती मी टाळत होतो. मागे कापड असेल तर कोणताही माइक उपयोगाचा नाही.

मग कापड काढा. 12 ते 18 मिलिमीटर प्लायचे उभे फलक, अडीच मीटर उंच, चाकांच्या पायावर, गायकांच्या मागे अर्धा-एक मीटर, किंचित पुढे झुकलेले. दोन बाजूंचे आत वळवलेले. पातळ प्लाय घेऊ नका, थरथरून खर्ज गिळतो. हे नसताना माइक लावणं म्हणजे माझ्याही मते चूक.

खर्जातला
हेच मी सुरुवातीपासून सांगतोय. पहिले फलक, मग पडदे, माइक सर्वांत शेवटी आणि तोही निवेदकासाठी.

फेडर_शून्यावर
नाही, "निवेदकासाठी" नाही. पियानो झाकण उघडून मागे असेल आणि वीस गळे असतील तर दोन माइक लागतातच. सगळं पोथीसारखं करू नका.

चोवीस_फ्रेम
तुम्ही इथे गाण्यावर भांडताय आणि सिनेमाचा जीव कशात जातोय हे कुणी बघत नाही. सिनेमा बिघडतो तो तुमच्या भिंतींनी नाही, लॅपटॉपने.

लॅपटॉप 60 हर्ट्झवर (सेकंदाला 60 वेळा चित्र), सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमवर. 60 ला 24 ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दिसते. कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. आउटपुट 24 वर नेणं एका सेटिंगचं काम आहे, आणि ते कुणी करत नाही. त्याहून वाईट: प्लेअर 5.1 वर (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, असे वेगळे चॅनल), सभागृहात स्पीकर दोन. मधला चॅनल जातो कुठे? कुठेच नाही. संवाद जवळजवळ सगळा त्याच मधल्या चॅनलमध्ये असतो. संगीत दणदणीत, माणसं पुटपुटतात, आणि लोक म्हणतात सभागृह घुमतं! आधी प्लेअर स्टिरिओवर मिसळायला लावा आणि मग भिंतींना शिव्या द्या.

अजून एक. रुंद स्कोप चित्र उंचीच्या 2.39 पट रुंद, साधं 1.85 पट. स्क्रीनच्या कडेला काळं कापड ओढून तेवढीच चौकट ठेवा. झूम करून स्क्रीन भरणारे सबटायटलचा खालचा अर्धा जमिनीवर पाडतात.

पहिला_खेळ
5.1 चं बरोबर आहे, ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पण ज्या केंद्रात डीसीपीचा (चित्रपटगृहांसाठीच्या डिजिटल प्रतीचा) प्रोजेक्टर आहे तिथे तीन स्पीकर छिद्रांच्या स्क्रीनमागे असतात, मधला चॅनल कुठेही जात नाही, आणि तिथेही सव्वा सेकंदाच्या पुढे संवाद मळतात. घुमाऱ्याचा मुद्दा तुम्ही लॅपटॉपमागे लपवू नका. आणि स्क्रीनमागचे स्पीकर रोज हलवता येत नाहीत, म्हणजे गायकांच्या मागे स्क्रीन राहणारच.

खर्जातला
स्क्रीन मोटरवर वर गुंडाळता येते आणि स्पीकर चाकांच्या चौथऱ्यावर बसतात. फक्त चौथऱ्यांच्या जागांवर जमिनीवर खुणा करा, नाहीतर पुढच्या खेळाला मधला स्पीकर हातभर सरकलेला असतो आणि संवाद एका कुशीतून येतात. छिद्रांची स्क्रीन गुंडाळताना हात लावू नका. बोटांचे डाग प्रोजेक्टरच्या उजेडात महिनोन्‌महिने दिसतात.

मागची_खुर्ची
ज्यांनी कधी मागे बसून ऐकलंय त्यांना विचारा, काय ऐकू येतं. वातानुकूलन. सिनेमात ते झाकलं जातं, मंद गाण्यात संपूर्ण मैफल त्याच्यावरच उभी असते. आणि संध्याकाळी खेळ होऊन लगेच मैफल असेल तर झेनॉन दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा दिवा विझल्यावरही थंड होईपर्यंत फिरत राहतो. केबिनची काच नसेल तर पहिली दोन गाणी त्याच्यासोबत. कार्यक्रमपत्रिका करणाऱ्याने मध्ये अर्धा तास ठेवायला काय जातं?

फेडर_शून्यावर
मैफलीआधी वातानुकूलन तासभर जोरात चालवून सभागृह गार करा, गाण्याच्या वेळी पंखा सर्वांत खालच्या वेगावर. बंद मात्र करू नका, दोनशे माणसांत वीस मिनिटांत हवा कोंदते.

पहिला_खेळ
ठीक. फोम नको, हे मी घेतो. पण पडद्यांच्या जोरावर सिनेमा धड होतो हे अजून पटलेलं नाही. मखमल मधले-वरचे स्वर शोषते, खर्ज नाही. तुमचाच आक्षेप फोमवर होता, तोच पडद्यांना लागू होतो.

खर्जातला
लागू होतो, अर्धा. कापड भिंतीला चिकटून टांगलं तर होतो. भिंतीपासून 15 सेंटीमीटर पुढे टांगा, म्हणजे वरून खाली साधारण 570 हर्ट्झपर्यंत चांगलं काम करतं. 25 ठेवा, आणखी खाली उतरतं. कापड भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट, चुण्या पडतील असं. ताणून लावलेला पडदा म्हणजे भिंतीला दिलेला रंग. त्याखालच्या खर्जासाठी मागच्या भिंतीच्या वरच्या पट्ट्यात 100 मिलिमीटर खनिज लोकर, मागे तेवढीच पोकळी, पुढे छिद्रांचा प्लाय. ती कायमची राहिली तरी गाण्याचं बिघडत नाही, उलट बेस (सर्वांत खालच्या स्वरात गाणाऱ्या) मंडळींचा गोंगाट आवरतो. खर्जातला म्हणूनच सांगतोय.

आल्टो_दुसरी_रांग
एक राहिलं. पडदे सरकवले की ते कोपऱ्यात गठ्ठा होऊन उभे असतात, आणि गठ्ठाही शोषतो. चाळीस चौरस मीटर कापड कोपऱ्यात सोडलं तर मैफलीला घुमारा मिळेल असं वाटतं तेवढा मिळत नाही. कोपऱ्यात प्लायचा खण करून दार लावा आणि पडदे आत ढकलून दार बंद करा. दार नसेल तर खर्च अर्धा वाया.

पहिला_खेळ
दार किती रुंद? चुण्यांसकट दुप्पट कापडाचा गठ्ठा किती फुगतो याचा अंदाज कुणाला आहे का?

आल्टो_दुसरी_रांग
मखमल किती जाड आणि अस्तर आहे की नाही यावर. कापड आणायच्या आधी दोन मीटरचा तुकडा मागवून तेवढ्याच चुण्यांत दाबून मोजा, मग गुणाकार. आणि खण त्याहून वीतभर मोठाच करा, कारण कोंबलेला पडदा रुळावरून उतरतो आणि मग शिडी आणावी लागते.