भाषाविज्ञानात एम.ए.: पुणे, हैदराबाद की दिल्ली? खर्च आणि नोकरीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. मुलगी मराठी विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा तिन्ही दिवस ती तिथेच होती. तेव्हापासून भाषाविज्ञानच करायचं म्हणते.

हौस वरवरची नाही. माझी आई आमची खानदेशी बोली अहिराणीच बोलते. डोळ्याला 'डोया', काळ्याला 'काया'. याच 'य'पायी शाळेत आम्ही छड्या खाल्ल्या आहेत. पोरीने आजीच्या तोंडचे असे दोनशेवर शब्द शंभरपानी वहीत उतरवले आणि मला दाखवून म्हणाली, "बाबा, ही चूक नाही, नियम आहे. मराठीतल्या ळ च्या जागी आपल्याकडे य येतो." ती वही पाहिली आणि हिला अडवायचं नाही, एवढं मी ठरवलं. प्रश्न पैशाचा आणि पुढच्या पोटापाण्याचा आहे.

आतापर्यंत कळलं ते असं. जळगावला आपल्या विद्यापीठात एम.ए. मराठी होईल, घरून जाऊन-येऊन भागेल, पण त्यात भाषाविज्ञान एखाद-दुसऱ्या पेपरपुरतंच. पुण्याचं डेक्कन कॉलेज या विषयासाठी जुनं नाव, मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही त्यांनीच केलं आहे. तिचा ओढा तिकडेच. मुंबई विद्यापीठात कलिनाला विभाग आहे. हैदराबाद विद्यापीठ, दिल्लीचं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ इथे सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. ट्रिपल आयटी हैदराबादचा संगणकीय भाषाविज्ञानाचा पाच वर्षांचा कोर्स बारावीनंतरचा, त्याला गणित लागतं आणि फी लाखांत, म्हणून तो सोडला.

हिशेब करताना एक लक्षात आलं. सरकारी ठिकाणी फी हा मोठा खर्चच नाही. जेएनयूची शिकवणी फी तर वर्षाला काही शेकड्यांत आहे. पैसा जातो तो खोली आणि मेसमध्ये. पुण्यात बाहेर राहिलं तर महिन्याला दहा-अकरा हजार धरा, दोन वर्षांचे अडीच लाख झाले. म्हणजे वसतिगृह मिळालं तर दिल्ली पुण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि जळगाव-भुसावळहून तिकडच्या गाड्याही भरपूर. पण मिळतं का नक्की? पहिल्या वर्षाच्या मुलींना किती दिवस थांबावं लागतं? राज्य सरकारची महाडीबीटीची शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकताना चालते का, हेही कुणी अनुभवाने सांगा.

नोकरीचं मला जास्त भय आहे. माझा चुलतभाऊ मराठीत नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेला, नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. सुट्टीत पगार नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. भाषाविज्ञानाची नेट वेगळी असते, आणि तो विभाग असलेली कॉलेजं मराठीपेक्षा कितीतरी कमी. मग केवळ प्राध्यापकीच्या आशेवर पाठवणं मला पटत नाही. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत प्रकल्पांवर कामं निघतात म्हणे, आणि २०२२ मध्ये केंद्राचं भाषिणी हे संगणकी भाषांतराचं काम सुरू झाल्यापासून भारतीय भाषांचा आवाज आणि मजकूर संगणकासाठी तयार करायचं कामही वाढलं आहे. ही कामं पक्की की सहा-सहा महिन्यांच्या कराराची? नातेवाईक "स्पीच थेरपिस्ट होईल" म्हणतात, पण त्याची पदवी आणि नोंदणी वेगळी, ते मी पाहून घेतलंय.

तेव्हा ज्यांनी स्वतः हे एम.ए. केलं आहे त्या ताई-दादांना विनंती. 'स्कोप आहे' एवढ्यावर थांबू नका. कुठे शिकलात, दोन वर्षांत घरून किती पैसे लागले, पहिली नोकरी किती महिन्यांनी आणि किती पगाराची मिळाली, ते सांगा. आर्ट्सच्या मुलीने सोबत पायथन हे संगणकाचं प्रोग्रॅमिंग शिकलं तर खरंच फरक पडतो का? पडत असेल तर ती आत्तापासूनच सुरू करेल, घरी जुना लॅपटॉप आहे.

सीयूईटीचा फॉर्म निघायच्या आत ठरवायचं आहे. कापूस अजून घरातच आहे, भाव वाढायची वाट पाहतोय. पण हिच्या फॉर्मसाठी आणि पुण्याच्या एका फेरीसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत.