अरुशात सफारीआधी दोन दिवस मोकळे, सोबत सासूसासरे. काय बघता येईल?

मुक्ता_ठाणे:
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत टांझानियाला चाललोय, मी, नवरा आणि सासूसासरे (वय ६८ आणि ७३). सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो बुक झालंय पण विमान स्वस्त पडलं म्हणून अरुशात दोन दिवस आधीच पोचतोय. एजंटला विचारलं तर त्याचं एकच पालुपद, "मॅडम किलिमांजारो डे ट्रिप", आणि भाव असा सांगितला की सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत विचारलं, माणशी की सगळ्यांचे? त्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई शुद्ध शाकाहारी. हॉटेलात बसून राहायचं नाहीये. तिथले लोक जातात असं आसपास काही आहे का?

बजाजवाला:
ताई, नोकरीपायी तीन वर्षं काढलीत अरुशात. दुलुटी तलावावर जा. मोशी रोडला तेंगेरूच्या अलीकडे, गावातून अर्धा-पाऊण तास ट्रॅफिक धरून. ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं पाणी आहे, सगळीकडून जंगल, आणि काठाकाठाने पायवाट. पूर्ण चक्कर दीडेक तासाची, झाडांची मुळं वर आलेली आहेत त्यामुळे सासऱ्यांना सगळी मारायला लावू नका, दहा मिनिटं चालून बसलं तरी खंड्या दिसतो, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात आणि घोरपड पायवाटेवर आडवी आली तर तीच आपल्याकडे "कोण तुम्ही" असं बघते. नवराबायकोने कनू घ्या, वल्ही तुम्हालाच मारायची. सकाळी लवकर गेलात तर मेरू पर्वत स्वच्छ दिसतो, नंतर ढगात जातो.

बुधवार किंवा शनिवार साधता आला तर बघा, त्या दिवशी तेंगेरूचा बाजार भरतो. केळ्यांचे घड, अॅव्होकॅडो, सुकी मासळी, जुने कपडे, सगळं जमिनीवर पसरून. आपला आठवडी बाजारच, फक्त भाव स्वाहिलीत. फोटो काढायच्या आधी विचारा, बायकांना आवडत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

करवीरकर:
तेंगेरूला जाताय तर पोलिश दफनभूमी चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटलेले पोलिश लोक इराणमार्गे इकडे आले, १९४२ पासून तेंगेरूत त्यांची छावणी होती, जवळपास ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आता दीडशेच्या आसपास थडगी उरलीत. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ अशीच छावणी होती आणि तिथेही ५ हजारच्या घरात लोक होते, माझी आजी सांगायची त्या गोऱ्या बायका बाजारात भाजी घ्यायला यायच्या म्हणून. तेंगेरूत त्या थडग्यांवरची नावं वाचताना मला एकदम आजीच आठवली. आम्ही गेलो तेव्हा गेटला कुलूप होतं, राखणदार सायकलवरून आला आणि उघडून दिलं, वहीत नाव-गाव लिहायला लावलं. मी कोल्हापूर लिहिलं.

भटकी_पोर:
चेम्काचे झरे!! निळंशार कोमट पाणी, उंबराच्या जातीची मोठी झाडं, बारीक मासे पाय कुरतडतात, भारीच. आणि मातेरुनी धबधबा, तिथे चग्गा लोक कॉफी भाजून-कुटून पाजतात, गाणी म्हणत.

बजाजवाला:
@भटकी_पोर मातेरुनी मोशीच्या वर आहे गं, अरुशातून जाऊन-येऊन दिवस संपतो, आणि निसरडी उतरण. गुडघेवाल्यांना नाही. चेम्का छान आहे, पण दीड-दोन तास गाडी, शेवटचा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा, आणि रविवारी तिथे स्पीकर लावून पोहतात लोक. मधल्या वारी गेलात तर ठीक.

त्यापेक्षा दुसरा दिवस अरुशा नॅशनल पार्कला द्या. सफारीवाले लोक याला घाईत सोडून देतात, इथे सिंह नाहीत म्हणून. पण जिराफ ढिगाने, मोमेला तळ्यांवर फ्लेमिंगो, आणि कोलोबस माकडं, काळी-पांढरी, पाठीवरून झालर सोडल्यासारखे लांब केस. बंदूकवाला रेंजर घेऊन चालतही जाता येतं, सासरे तोवर गाडीत बसून तळी बघतील. फी डॉलरमध्ये आहे, ती काही चुकत नाही.

मुक्ता_ठाणे:
बुधवारी पहाटे उतरतोय! मग दुलुटी, बाजार, दफनभूमी एकाच दिवशी. सासूबाईंच्या जेवणाचं काय? आणि गाडी कशी ठरवू?

बजाजवाला:
जेवण सोपं आहे. वाली महारागे म्हणजे भात आणि राजम्यासारखी उसळ, म्चिचा म्हणजे माठासारखी पालेभाजी, चपाती तिथेही चपातीच, फक्त तेल जास्त. "सिली न्यामा" म्हणा, मांस खात नाही. मासे वेगळे सांगावे लागतात, समाकी.

गाडी हॉटेलवाल्याकडून दिवसाची ठरवा. गावात फिरायला रिक्षा, तिला तिकडे बजाजीच म्हणतात, आपल्या आकुर्डीच्या बजाज कंपनीचं नाव तिथे रोज कानावर येतं. वेळेचं मात्र नीट समजून घ्या. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळी ७ म्हणजे त्यांचा १. मला ड्रायव्हर "सा म्बिली", दोन वाजता म्हणाला, मी निवांत, आणि हा सकाळी ८ ला दारात हॉर्न वाजवतोय, मी बनियनवर.

मुक्ता_ठाणे:
😂 म्हणजे मी ९ ला बोलवायचं तर "सा तातू" म्हणू ना?

बजाजवाला:
बरोबर, पुढे "असुबुही" जोडा, सकाळचे. आणि बाजारात केळी घेताना विचारून घ्या, हिरवी मोठी असतात ती शिजवायची. मी पहिल्यांदा तशीच सोलायला गेलो, हाताला चीक लागला तो दोन दिवस निघाला नाही.