मदत हवी आहे : कारवान जातीचे पिल्लू कोणत्या पैदासकाराकडून घ्यावे?

सप्रेम नमस्कार.

सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आणि चाळीसेक मेंढ्या आहेत. वस्तीवर आजोबांच्या काळापासून कारवान कुत्री पाळली जातात. गेल्या दिवाळीनंतर आमची तेरा वर्षांची मादी वारली. आता पिल्लू आणायचे आहे, परंतु ते कोणाकडून आणावे हे ठरत नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

जात शिकारी असली तरी मला शिकार करायची नाही, हे आधीच स्पष्ट करतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशामागे कुत्रे सोडणे हासुद्धा गुन्हा आहे. मला हवी आहे ती या जातीची नजर, तिचा पळ आणि रात्रीची राखण.

मादी गेल्यानंतर मी घाई केली आणि एका आठवडी बाजारातून पिल्लू आणले. विक्रेत्याने वय पन्नास दिवस सांगितले होते. पिल्लाच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे टम्म होते; मी ते खाल्ल्याचे लक्षण समजलो, प्रत्यक्षात ते जंत होते. आई दाखवा म्हटल्यावर ती गावाकडे असल्याचे उत्तर मिळाले. चौथ्या दिवशी रक्ताची हगवण सुरू झाली, डॉक्टरांनी पार्वो या विषाणूजन्य आजाराचे निदान केले. माझी मुलगी दोन रात्री सलाईनची बाटली हातात उंच धरून बसली होती, तरीही सातव्या दिवशी पिल्लू गेले. तशी चूक पुन्हा करायची नाही.

सध्या माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिले पैदासकार शहरालगत श्वानशाळा चालवतात. त्यांच्याकडे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र आहे आणि कुत्री प्रदर्शनांत बक्षिसे मिळवलेली आहेत; परंतु ते फोनवरच इसार मागतात आणि पिंजऱ्यांजवळ येऊ देत नाहीत. दुसरे कर्नाटकातील मुधोळकडील एक शेतकरी आहेत. त्यांच्याकडे कागद नाही, पण आई, मावशी आणि मागच्या वेतातली एक मादी तिथेच शेतात मोकळी फिरताना मी पाहिली. अडचण एवढीच की ते पस्तिसाव्या दिवशीच पिल्लू घेऊन जा म्हणतात. कागदाला किती महत्त्व द्यावे, आणि ग्रेहाउंड या शर्यतीच्या विदेशी जातीचा संकर नाही हे कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्या पिल्लाविषयी वाचून वाईट वाटले. आमच्याकडे तीन पिढ्या ही कुत्री आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम आपण न विचारलेली गोष्ट सांगतो. पार्वोचा विषाणू आजारी पिल्लाच्या जागेत कित्येक महिने टिकून राहतो. जुने गोणपाट आणि भांडी जाळून अथवा फेकून द्या, फरशी धुऊन ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसा, आणि नवे पिल्लू लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत त्या जागी बांधू नका. हे केले नाही, तर उत्तम पैदासकाराचे पिल्लूही आपल्या अंगणात दगावू शकेल.

आता कागदाविषयी. नोंदणीपत्रावरून आईबापांची नावे कळतात, त्यांचा स्वभाव आणि तब्येत कळत नाही. हाच कुत्रा केनेल क्लब ऑफ इंडियाकडे कारवान हाउंड म्हणून, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे मुधोळ हाउंड म्हणून नोंदला जातो, त्यामुळे नाव वेगळे दिसले म्हणून गोंधळू नका. पत्रावर मायक्रोचिपचा क्रमांक असल्यास तो पिल्लाशी पडताळून घ्यावा. मात्र जो आईजवळ जाऊ देत नाही, त्याला इसार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पिल्ले दुसरीकडून आणून विकणाऱ्याला आई दाखवताच येत नाही.

संकर सहा आठवड्यांच्या पिल्लात मलाही ओळखता येत नाही. शर्यतीच्या हौसेपायी ग्रेहाउंडचा नर लावण्याचे प्रमाण बरेच आहे, म्हणून नर कोणाचा हे विचारा आणि जाऊन तो स्वतः पाहा. संकरित नराच्या मांड्या व छाती भरदार दिसतात, तर अस्सल कारवान सडपातळ आणि दूरवर दम टिकवणारा असतो. नर आणि मादी एकाच आईची नाहीत ना, हेही विचारावे. लहान टापूत हा प्रकार नकळत घडतो.

पस्तीस दिवसांचे पिल्लू मुळीच घेऊ नका. श्वानपैदाशीच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही आणि मादीची पहिली वीण अठरा महिन्यांच्या आधी नसावी. त्याच नियमांनुसार पैदासकाराची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, त्याविषयी दोघांनाही विचारा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांकडून आणि आईकडून चावा कुठे थांबवायचा हे शिकते. मेंढ्यांमध्ये वावरणाऱ्या कुत्र्यासाठी ही शिकवण फार मोलाची आहे. त्या शेतकऱ्यांना तीन आठवड्यांचा खुराक, जंताचे औषध आणि पहिली लस यांचा खर्च आपण देऊ करा, बहुतेक ते ठेवून घेतील. त्यांनी नकार दिला, तर मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करावी.

आणखी एक. चांगला पैदासकार आपल्यालाच प्रश्न विचारतो. मला पहिली मादी देणाऱ्या गृहस्थांनी पैशांची गोष्ट काढण्याआधी विचारले होते, की तुमच्या विहिरीला कठडा आहे का. मी नाही म्हणालो. कठडा बांधून झाल्यावर या, असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले. भरधाव पळणाऱ्या या कुत्र्याला पुढची विहीर दिसत नाही, हे मला तोवर माहीत नव्हते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल त्या शेतकऱ्यांशी बोललो. छप्पन्न दिवस पूर्ण होईपर्यंत पिल्लू ठेवण्यास ते तयार आहेत आणि नर शेजारच्या गावात असल्याने तो रविवारी पाहायचे ठरले आहे. नोंदणीचे विचारल्यावर मात्र त्यांना या नियमांची कल्पनाच नसल्याचे दिसले. अर्जाच्या कामात मी त्यांना मदत करणार आहे. आमच्या दोन विहिरींपैकी खालच्या मळ्यातलीला कठडा नाही. गवंड्याला निरोप धाडला आहे. कठडा किती उंच असावा, तेवढे कृपया कळवावे.